स्टार पाच, पण सातबारा कोणाच्या नावावर?

मंडळी, आज जरा माझ्याच धंद्यावर लिहितो. मी प्लॉट-घरांचा एजंट. आपल्याकडे सरळ दलाल म्हणतात, त्याचा मला राग नाही. माजरी, कुचना, भद्रावती, वरोरा, तिकडे वणीपर्यंत काम आहे. या धंद्यात आधी लोक विचारायचे, "कोणाच्या ओळखीनं आले?" आता पुण्यात नोकरीला असलेलं पोट्टं फोनवर विचारतं, "काका, गूगलवर तुमचे स्टार किती?"

प्रश्न चुकीचा नाही. त्याचा बाप वेकोलित तीस-पस्तीस वर्षं राबला, आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. रिटायर झाला की क्वार्टर सोडायचं. सीएमपीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात पडते ती एकदाच, आणि बहुतेकांची ती सगळी एका प्लॉटात जाते. तो प्लॉट फसला तर दुसरी ग्रॅच्युइटी मिळत नाही. मग मुलगा चौकशी करणारच. फक्त स्टार पाहून त्याला नेमकं काय कळतं, ते या धंद्याच्या आतून सांगतो.

रिव्ह्यू लिहिला जातो कधी? रजिस्ट्रीच्या दिवशी. पेढे वाटले जातात, फोटो निघतो आणि एजंट हळूच लिंक पाठवतो. त्या दिवशी सगळेच खूश असतात. "भाऊंचा स्वभाव छान, गाडीनं नेऊन जागा दाखवली, वेळेवर आले." माझ्या पानावर असे भरपूर आहेत आणि ते सगळे खरे आहेत. पण त्यात जमिनीबद्दल एक अक्षर नाही! माणसाच्या स्वभावाला पाच स्टार मिळाले, प्लॉटाला नाही.

प्लॉटाचं खरं नंतर कळतं. रजिस्ट्री झाली म्हणजे सातबारावर नाव चढलं असं होत नाही. फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. लेआउट मंजूर नसेल, एनए नसेल, तर ते चार वर्षांनी कळतं, जेव्हा माणूस बँकेत घरकर्जाला जातो. वर्ग 2 ची जमीन असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात तर मूळ खातेदार आदिवासी आहे का, हे पहिलं पाहावं लागतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे ती जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेताच येत नाही. हे सगळं उघडं पडतं तोवर पाच स्टार देऊन झालेले असतात, आणि परत जाऊन ते कोणी बदलत नाही.

म्हणून मी आता फेरफार मंजूर झाल्यावरच लिंक पाठवतो. निम्मे लोक तोवर मला विसरलेले असतात. रिव्ह्यू कमी येतात, चालते.

रिव्ह्यू विकत मिळतात हेही माहीत असू द्या. मला फोन आला होता. "सर, पन्नास रिव्ह्यू देतो, सगळे फाइव्ह स्टार, नावं मराठी पाहिजे तर मराठी. माजरीचा उल्लेखही टाकू." मी विचारलं, "माजरी कुठं आहे माहीत आहे का बाप्पा?" तर म्हणे, "हडपसरच्या पुढे ना सर?" ती मांजरी, राजेहो! भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूसाठी 2022 मध्ये आयएस 19000 नावाचं मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे. पैसे किंवा सूट देऊन रिव्ह्यू घ्यायला गूगलच्या नियमात मनाई आहे. तरी बाजार चालूच आहे. एकाच पंधरवड्यात वीस रिव्ह्यू, सगळे दोन शब्दांचे, लिहिणाऱ्याचा दुसरीकडे कुठेच रिव्ह्यू नाही, असं दिसलं की समजून घ्या.

आता एक स्टारबद्दल. लोकांना वाटतं एजंट तो पुसून टाकतो. तसं करता येत नाही. खोटा वाटला तर गूगलकडे तक्रार करता येते आणि खाली उत्तर लिहिता येतं, बस. माझ्या पानावर एक आहे: "काम करत नाही, नुसते कागद मागतो." या भाऊंना शेताच्या तुकड्यातले काही गुंठे घाईनं घ्यायचे होते. मी तुकडेबंदी, लेआउट, मोजणी असं सुरू केलं. ते चिडले आणि दुसऱ्याकडे गेले. तो रिव्ह्यू काढावा असं मला कधीच वाटलं नाही. एका म्हाताऱ्या काकांनी मला सांगितलं, "तोच वाचून तुमच्याकडं आलो भाऊ."

दुसरा जास्त टोचणारा आहे. "टोकन बुडवलं" असं त्यात लिहिलंय. टोकन जागेच्या मालकाकडे होतं आणि सौदा मोडला तो गिऱ्हाईकाचं कर्ज नामंजूर झालं म्हणून. मित्र म्हणाले, "खाली लिहून टाक ना, सिबिल खराब होतं म्हणून." काहून लिहू? आपलं गाव केवढं! त्या माणसाची पोरगी लग्नाची आहे, सोयरे फोनवर सगळं वाचतात. मी एवढंच लिहिलं की भेटा, बसून बोलू. भेटलो, मालकाकडून बरेचसे पैसे परत मिळवून दिले. स्टार एकच राहिला. तो बदला असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं की एजंट गप्प बसला म्हणजे तो चोरच आहे असं नसतं, आणि गिऱ्हाईकाच्या घरच्या गोष्टी उत्तरात उघड्या करणाऱ्या एजंटापासून जरा जपूनच राहावं.

महारेराच्या साइटवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. 2023 पासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. स्टारपेक्षा हे बरं. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडचे कितीतरी सौदे असे छोटेच असतात.

आणि आपल्या भागाची गोष्ट तर याहून खोल आहे, अक्षरशः. आपण कोळशावर राहतो. 1957 चा कोल बेअरिंग कायदा आहे. कलम 4 ची अधिसूचना म्हणजे कोळसा शोधायचा इरादा, कलम 7 म्हणजे जमीन घ्यायचा इरादा, कलम 9 म्हणजे घेतलीच. कलम 7 नंतर हरकतीला 30 दिवस मिळतात. हे राजपत्रात छापून येतं, राजपत्र वाचतो कोण? जुन्या भूमिगत खाणी कुठून कुठे गेल्या, हे तर सातबारावरही लिहिलेलं नसतं. 26 ऑगस्ट 2022 ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरचे आधीच बाहेर पळाले म्हणून वाचले. आजूबाजूची कुटुंबं हलवावी लागली. त्या गल्लीत उद्या कोणी प्लॉट विकला असता, तर एजंटला पाच स्टार मिळाले असते आणि देणारा खोटंही बोलला नसता.

त्यामुळे माझं मागणं गूगलकडे नाही. खाणींचे नकाशे कंपनीकडे आहेत. गावठाणाच्या, वस्तीच्या खाली जुनं काम कुठे आहे, कोणत्या गट नंबरवर कोणत्या कलमाची अधिसूचना निघाली आहे, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावा. माझे काही सौदे त्यानं मोडतील. मोडू द्या. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, माजरी-कुचन्याच्या ज्या रिटायर मंडळींना सही करायची असेल त्यांनी सकाळी ऑफिसवर या. येताना ज्या जागेवर नजर आहे तिचा गट नंबर लिहून आणा, सातबारा तिथंच काढून पाहू.