सडा, पाखाडी आणि मागचं चाक

भाच्याला नोकरी लागून आठ महिने झाले होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतून सुटला की तो थेट आमच्याकडे यायचा आणि चहा निवायच्या आत फोन पुढे करायचा, "मामा, ही बघ." फोनवर रोज नवी सायकल असायची. कधी पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, कधी फक्त पुढे. दिवाळीच्या बोनसमध्ये साठवलेले पैसे घालून तो आपली पहिली चांगली सायकल घेणार होता, आणि सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी गेली पाच वर्षं रत्नागिरीत फुल सस्पेन्शनची सायकल चालवतो आहे. तिचं सुख मला माहीत आहे, आणि त्या सुखासाठी वर्षभर काय काय करावं लागतं तेही.

ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हार्डटेलला फक्त पुढच्या फोर्कमध्ये सस्पेन्शन असतं. मागचं चाक सरळ फ्रेमलाच बसवलेलं, आपल्या नेहमीच्या सायकलीसारखं. फुल सस्पेन्शनमध्ये मागच्या चाकाचा सांगाडा वेगळा असतो. तो बेअरिंगांवर, बिजागरीसारखा हलतो, आणि त्याच्या नि फ्रेमच्या मध्ये एक शॉक असतो. मागच्या चाकाखाली दगड आला की चाक वर उचललं जातं, वरचा माणूस फारसा उचलला जात नाही.

गावोगावच्या दुकानांत "डबल शॉकअप" म्हणून मुलांच्या ज्या सायकली मिळतात, त्या यात धरायच्या नाहीत. तिथे मागे नुसती जाड स्प्रिंग असते. दाबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरून धरायला तेल लागतं, झडप लागते. ते नसलं की सायकल फक्त उड्या मारते आणि पायाचा निम्मा जोर स्प्रिंग खाते. भाच्याला सातवीत अशीच एक मिळाली होती. कुठलाही चढ आला की तो उतरून ती ढकलायचा. खरी फुल सस्पेन्शन कशी असते, याची ओढ त्याला बहुधा तेव्हापासूनच लागली असावी.

रत्नागिरीत या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी चाकाखालची जमीन बघावी लागते, आणि ती आहे जांभ्याची. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिलं, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. आमच्याकडे तो विटेसारखाच कापतात. त्याच चिऱ्यांनी घरं, विहिरी आणि गडगे बांधलेले आहेत. मूळचा काळा बेसॉल्ट ऊन-पावसात लाखो वर्षं कुजत गेला, विरघळणारं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि वर एक कडक कवच तयार झालं. हेच आमचे सडे. या कवचातली मऊ माती पावसाने धुऊन गेली की पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा होतो. भोकंच भोकं, आणि त्यांच्या कडा धारदार.

अशा कातळावर सायकलीला एक मोठा दणका बसत नाही. बोटभर खोलीचे खळगे सुरू होतात आणि किलोमीटरभर थांबतच नाहीत. डोंगरातल्या सायकलिंगची जी चित्रं आपण बघतो, त्यांत माणसं उंच उड्या मारत असतात. आमच्याकडे उड्या नाहीत, थरथर आहे. ती मनगटातून खांद्यात चढते, आणि मागून कमरेत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोन्ही प्रकार ताडून बघायचं ठरवलं. बरोबर फिरणाऱ्या एका मित्राची हार्डटेल मागून आणली. दोन्ही सायकली वजनकाट्यावर टांगल्या. माझी १४.६ किलो, हार्डटेल १२.९. भाच्याने माझी घेतली, मी हार्डटेल. पहाटे साडेपाचला मारुती मंदिरावरून निघून शिरगाव, साखरतर करत आम्ही आऱ्याच्या रस्त्याला लागलो. आरे-वारेचा तो रस्ता समुद्राच्या अंगाने जातो म्हणून सगळ्यांना आवडतो. मला तो त्याच्या चढांसाठीही आवडतो, कारण सायकलचं खरं काय ते चढावर कळतं.

भाचा चोवीस वर्षांचा, मी एक्कावन्न. डांबरी चढाला तो माझ्या मागे पडला. उभं राहून पॅडल मारलं की मागचा शॉक दर फेरीला थोडा दबतो आणि सायकल नाव डोलावी तशी डोलते. शॉक लॉक करायची कळ त्या सायकलीला आहे, ती दाबल्यावर डोलणं गेलं. पण जवळजवळ पावणेदोन किलो कुठे जाणार? माझ्या पायाखालची हार्डटेल, जोर लावला की लावल्याजागी पुढे सरकत होती. पाच वर्षांनी मला तसं वाटत होतं.

पुढे डांबर सोडून चिरेखाणीच्या कच्च्या वाटेने आम्ही सड्यावर चढलो, आणि तिथे चित्र पालटलं. भाचा सीटवर बसल्या बसल्या वेगात निघून गेला. मला पॅडलवर अर्धवट उभं राहून, गुडघे ढिले ठेवून, प्रत्येक खळगा पायांनी झेलत जावं लागत होतं. मागचं चाक उसळून उसळून पकड सोडत होतं. सडा संपला तिथे तो गडग्यावर बसून माझी वाट बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा आनंद मला अजून आठवतो.

खाली वाडीत उतरायला पाखाडी होती. चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे आणि पलीकडे हापूसची कलमं. गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या एक आजी वर येत होत्या. आम्ही उतरून, सायकली गडग्याला टेकवून त्यांना वाट दिली. पाखाडी ही माणसांची वाट आहे. तिथे सायकल पाहुणी आहे, हे भाच्याला मी पहिल्यापासून सांगत आलो आहे. वाट मोकळी झाल्यावर तो आरामात खाली गेला. हार्डटेलवर दर पायरीला पुढचा फोर्क दबत होता, मागचं चाक मात्र तसंच ताठ. त्यामुळे सगळं वजन पुढे ढकललं जाई. ब्रेक हलके धरून, अंग मागे नेऊन उतरावं लागलं.

"मामा, ठरलं," तो खाली म्हणाला. पुढे टपरीवर चहा घेताना त्याने ऑलिंपिकचा दाखला काढला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने सुवर्ण जिंकलं ते फुल सस्पेन्शनवर, आणि शेवटपर्यंत त्याच्याशी झुंजलेला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर होता हार्डटेलवर. चारच वर्षांनी रिओला शुर्टरनेही सुवर्ण जिंकलं, पण तोवर तो स्वतः फुल सस्पेन्शनवर आला होता. दाखला खरा होता. १९९६ ला अटलांटात माउंटन बायकिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटयेन्स हार्डटेलवर जिंकला होता, हे मी सांगितलं. पण ते जुनं झालं, हे मलाही ठाऊक होतं.

मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपायसजवळच्या एका उतारावर गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि त्यांचे सोबती जुन्या जड सायकली घेऊन शर्यती लावत. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असे. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराचं नावच पडलं 'रिपॅक'. माउंटन बाइकचा जन्म झाला त्या ठिकाणाला नाव मिळालं ते दुरुस्तीवरून. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सायकल कुठे चालते याइतकंच ती कुठे आणि कोण उघडतं, हेही बघायला हवं.

घरी आल्यावर मी माझी सायकल उलटी करून त्याला दाखवली. मागच्या सांगाड्यात दहा बेअरिंग आहेत. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातलं खालचं एक जाम झालं. दर पॅडलला कुईकुई असा आवाज येई, आणि तो कुठून येतो हे कळायलाच महिना गेला. जांभ्याची लाल माती पाण्यात कालवली की तिची बारीक लगदी होते. ती सीलच्या कडेला बसते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. वर समुद्राची खारी हवा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. स्क्रू गंजतात, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते. मागच्या शॉकची हवेची नळी सुमारे पन्नास तास चालवल्यावर उघडून साफ करावी, सीलना तेल द्यावं, असं कंपन्यांच्या पुस्तिकांत असतं. हे पन्नास तास कोरड्या हवामानाचे धरले, तर आमच्याकडे त्याहून लवकरच उघडलेलं बरं.

माझ्या गावातल्या मेकॅनिक काकांचा हात सोन्याचा आहे. चाकाचा बाक ते नुसत्या बोटांनी शोधतात. पण शॉक त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते स्पष्ट म्हणाले, "हब सांगा, पॅडलचं बीबी सांगा, उद्या देतो. ह्याला हात लावत नाही. ह्याची सीलं माझ्याकडे नाहीत, आणि उगाच उघडून तुमचा खराब कशाला करू?" त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. शॉक पुण्याला पाठवला. परत यायला तीन आठवडे लागले. ऐन हंगामातले.

भाचा गप्प बसून ऐकत होता. मग वही घेऊन हिशेबाला बसला. चांगल्या प्रतीची फुल सस्पेन्शन आपल्याकडे लाखाच्या वरच जाते. त्याच्या पैशात जी बसत होती तिचा फोर्क जड, ब्रेक साधारण, गिअरही खालच्या दर्जाचे. तेवढ्याच पैशात हार्डटेलला हवेचा, १२० मिलिमीटर दबणारा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक आणि बरे गिअर मिळत होते, वर ट्यूबलेस टायरला पैसे उरत होते. कातळावर या टायरचा फार उपयोग. २.४ इंच रुंदीचा टायर, आत ट्यूब नाही, सीलंट आहे. त्याच्या वजनाला हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवता येते. ट्यूब असती तर इतक्या कमी हवेत धारदार कडेवर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेपून एकाच वेळी दोन भोकं पडली असती. रुंद आणि ढिला टायर खळग्यात थोडा बसतो, बारीक थरथर तोच गिळतो.

पण त्याचं मन वळलं ते वेगळ्याच गोष्टीने. पावसाळ्यात आम्ही सड्यावर सायकल नेत नाही. पहिल्या सरींनंतर कोरडा कातळ जागा होतो. जून-जुलैत दीपकाडीची पांढरी फुलं येतात, जी कोकणातल्या सड्यांखेरीज क्वचितच कुठे दिसतात. कातळावरची माती जेमतेम इंच-दोन इंच, आणि एक चाक गेलं की तिचा गाळ होतो. त्यातच कातळशिल्पं. उक्षीचा हत्ती, कशेळीचा त्याहून प्रचंड हत्ती, जांभरुणच्या आकृती. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीच्या शिल्पाभोवती संरक्षण आहे, पण कित्येक ठिकाणी रेषा उघड्या कातळावर आहेत आणि वाट त्यांच्याजवळून जाते. तिथे उतरून, बघून, लांबून जायचं. हजारो वर्षं टिकलेल्या रेषेवर आपल्या टायरचा एकही डाग पडता कामा नये.

म्हणजे ज्या सड्यावर फुल सस्पेन्शनचं खरं सुख, तिथे ती नोव्हेंबर ते मे. आणि तिची देखभाल बाराही महिने. भाच्याने वहीत या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि वही मिटली.

डिसेंबरात हार्डटेल आली. पहिल्या महिन्यात खाणीच्या उतारावर मागची रिम एका जागी चेपली, कारण तो सीटवर बसूनच उतरत होता. काकांनी ती बरीचशी सरळ केली. मग तो उभं राहायला शिकला, दगड हेरून वाट निवडायला शिकला. मार्चपर्यंत माझ्या पुढे असायचा, चढालाही आणि उतारालाही. मी मात्र माझी विकली नाही. माझ्या कमरेतल्या दोन मणक्यांमधली चकती थोडी सरकलेली आहे. कातळावर दोन तास झाले की कमर बोलायला लागते, आणि त्या मागच्या शॉकमुळेच मी अजून सड्यावर जाऊ शकतो. ताईने विचारलं, "त्याला एक सांगतोस आणि स्वतः दुसरी चालवतोस?" मी तिला एक्स-रे दाखवला.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी भाचा भिजून आला. अंगणात पाइप लावून त्याने सायकल धुतली, जुन्या लुंगीच्या फडक्याने पुसली, चेनला मेण लावलं. वीस मिनिटांत सगळं झालं. माझी सायकल ओटीवर उलटी टांगलेली होती, काढलेली दहा बेअरिंग स्टीलच्या वाटीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेली, आणि शॉक कापडात गुंडाळून खोक्यात. त्याने खोक्यावर पुण्याचा पत्ता लिहिला, सुतळी आवळली आणि खोकं आपल्या कॅरियरला बांधलं. एसटी स्टँडवर पार्सलची खिडकी सातला बंद होते.