अमावस्येला घराबाहेर!

ट्रिप ठरवताना आपण काय काय बघतो? जोडून आलेली सुट्टी, विमानाचं स्वस्त तिकीट, हॉटेलचे रिव्ह्यू आणि फोटो कुठे भन्नाट येतील ते. आमच्या ट्रिपचं सगळंच उलटं होतं. आम्ही आधी कालनिर्णय उघडून अमावस्या शोधली. मग नकाशावर अशी जागा शोधली, जिथे आसपास कुठल्याही शहराचा उजेड पोचत नाही. आणि तिथे जाऊन करायचं काय? तर खुर्च्या टाकून वर बघत बसायचं!

'अगं, अमावस्येला कुणी घराबाहेर पडतं का?' हा आईचा फोनवरचा पहिला प्रश्न. त्यात ही आषाढातली अमावस्या, म्हणजे आपली दिव्याची आवस. इकडे घरोघरी समया-निरांजनं घासून पाटावर मांडतात, त्याच सुमारास आम्ही एकही दिवा नसलेली जागा गाठायला ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये निघालो होतो. (मेलबर्नच्या दोघांनी या अमावस्येचं दुसरं, जास्त पॉप्युलर नाव काढून लगेच बिअरचा हिशोब मांडला, तो भाग वेगळा!)

टीम सहा जणांची. अॅडलेडमध्ये राहणारी माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा, मेलबर्नचे दोन आयटीवाले, पुण्याहून गेलेली मी आणि मैत्रिणीचे बाबा. काका सातारा जिल्ह्यातले शेतकरी, वय ६८, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. खरं तर ट्रिपची ठिणगी त्यांनीच टाकली. एका रात्री गॅलरीत उभे राहून ते सहज म्हणाले, 'आमच्या चौकात हायमास्ट बसल्यापासनं गावात पण चांदण्या दिसंना झाल्या. इथं पण तेच.' मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला.

अंधार कुठे मिळतो?

अंधारालाही हल्ली सर्टिफिकेट मिळतं! १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेली 'डार्कस्काय इंटरनॅशनल' ही संस्था जगभरातल्या अंधाऱ्या जागांना मान्यता देते. ऑस्ट्रेलियात पहिला मान वॉरमबंगल नॅशनल पार्कला २०१६ मध्ये मिळाला. सिडनीहून गाडीने एका दिवसात पोचता येतं, त्यामुळे ते सोपं. पण आम्ही निघणार होतो अॅडलेडहून, म्हणून बोट ठेवलं अर्कारूलावर.

अर्कारूला म्हणजे फ्लिंडर्स रेंजेसच्या उत्तर टोकाचं खासगी अभयारण्य, अॅडलेडपासून जवळपास ७०० किलोमीटर. रेग स्प्रिग आणि ग्रिझेल्डा स्प्रिग या जोडप्याने ते १९६८ मध्ये सुरू केलं. हा रेग साधासुधा माणूस नव्हे. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी काहींचे जीवाश्म त्याने १९४६ मध्ये याच राज्यातल्या इडिआकरा टेकड्यांमध्ये शोधले होते. इथले मूळ रहिवासी अडन्यामथन्हा लोक. त्यांच्या कथेत अर्कारू नावाचा महासर्प फ्रोम सरोवर पिऊन कोरडं करतो आणि डोंगरात येऊन झोपतो. जमीन हादरते, ती म्हणे त्याच्या पोटातली गुडगुड! २०२३ मध्ये अर्कारूलाला 'डार्क स्काय सँक्चुअरी'चा दर्जा मिळाला. तो अतिशय अंधाऱ्या आणि अतिशय दूरच्या जागांनाच मिळतो.

काकांना न्यायचं का?

'अतिशय दूर' या शब्दांवरच ग्रुपमध्ये ठिणगी पडली. मैत्रिणीच्या नवऱ्याने स्पष्ट सांगितलं, 'बाबांना नको नेऊया. मोबाइलला रेंज नाही, दवाखाना शंभरावर किलोमीटर लांब, त्यात त्यांना बीपी. काही झालं तर?' मेलबर्नच्या एकाचंही तेच मत. मैत्रीण गप्प. काकांचं परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर आलेलं. पुढच्या अमावस्येला ते साताऱ्यात असणार होते. पुन्हा येणं होईल की नाही, हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात होतं.

नवऱ्याची भीती खोटी नव्हती, हे लक्षात ठेवा. आउटबॅकमध्ये गाडी बंद पडली तर मदत यायला कित्येक तास लागू शकतात. तिथे १९२८ पासून 'फ्लाइंग डॉक्टर' म्हणजे विमानाने येणारे डॉक्टर आहेत, ते काही हौस म्हणून नाही. मग 'न्यायचं की नाही' यावर भांडण्यापेक्षा 'न्यायचं असेल तर काय काय लागेल' याची यादी केली. काकांचं चेकअप. त्यांच्या इन्शुरन्समध्ये बीपी धरलंय का, याची लेखी खात्री. गोळ्यांचे दोन सेट, दोन वेगळ्या गाड्यांत. सॅटेलाइटवरून मेसेज जाईल असं यंत्र भाड्याने. आणि एका दिवसाचा प्रवास दोन दिवसांत. या शेवटच्या मुद्द्यासाठी दोघांना जादा रजा टाकावी लागली. टाकली. यादी वाचून नवरा म्हणाला, 'ठीक आहे. पण गाडी मी चालवणार.'

रस्ता लाल मातीचा

पहिला मुक्काम हॉकरला. दुसऱ्या दिवशी ली क्रीकवरून पुढे. तिथली कोळशाची खाण २०१५ मध्ये बंद पडली, तेव्हापासून गाव शांत शांत आहे. कॉप्लीला पेट्रोल फुल केलं, क्वांडाँग नावाच्या आंबटगोड रानफळाचा पाय खाल्ला आणि डांबर संपलं. पुढचे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर कच्चा रस्ता. मागे धुळीचा लाल पडदा, बाजूला एमूंची शर्यत. काका खिडकीला नाक लावून. 'ही माती आपल्या महाबळेश्वरासारखी लाल, पण पाण्याचा पत्ता नाही!'

नियम एकच होता : सूर्य मावळायच्या आत गाडी थांबलीच पाहिजे. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि हेडलाइटच्या उजेडात गोंधळून नेमके गाडीसमोर उडी मारतात. आम्ही तीन वाजताच पोचलो.

लाल दिव्याचा करार

आता या ट्रिपमधला सगळ्यात कठीण भाग. सहा माणसं, सहा मोबाइल!

आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. कमी उजेडात बघणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य सावकाश भरून येतं आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने उडून जातं. म्हणजे एकाने फक्त वेळ बघायला मोबाइल उघडला, तर शेजारच्या पाचही जणांची अर्ध्या तासाची कमाई खलास. लाल उजेडाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून टॉर्चला लाल कागद.

यावर प्रत्येकाचं आपलं म्हणणं होतं. फोटोवाल्याला लाल दिवासुद्धा नको. दुसऱ्याला अॅपमध्ये तारे ओळखायचे. नवऱ्याला काळजी, की काका अंधारात ठेचकाळले तर? शेवटी करार ठरला. मोबाइल गाडीत. लाल टॉर्च एकच, ती काकांच्या हातात. फोटोवाल्याने आपला कॅमेरा शंभर पावलं लांब लावायचा. गाडीचं दार उघडलं की आत पेटणारा दिवा आधीच बंद करून ठेवायचा. (हा दिवा सगळे हमखास विसरतात!) आणि दिवस असतानाच खुर्च्यांपासून खोलीपर्यंतची वाट सगळ्यांनी एकदा चालून बघायची.

काकांनी वाट चालताना पावलं मोजली. एकसष्ट. मग टॉर्च माझ्याकडे देऊन म्हणाले, 'मला नको गं. लाइट रात्रीचीच असायची, तवा ऊस भिजवायला बांधावरनं असाच जायचो.' आमच्यात अंधारात चालायची सवय असलेला माणूस एकच होता, आणि त्यालाच आम्ही घरी ठेवणार होतो.

आणि मग रात्र

सव्वासातपर्यंत संधिप्रकाश विरला. आठला आम्ही बडबड करत होतो. साडेआठला आपोआप गप्प झालो.

थोडं गणित सांगते. आपल्या आकाशगंगेचा मध्य वृश्चिक आणि धनू राशींच्या सीमेजवळ आहे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर. पुण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम अर्ध्या उंचीपर्यंत चढतो, आणि शहराच्या झगमगाटात तोही दिसत नाही. अर्कारूला ३० अंश दक्षिणेला, त्यामुळे हा मध्य तिथे थेट डोक्यावरून जातो. मान वर करायची गरज नाही, पाठ टेकून आडवं व्हायचं. विंचवाची नांगी डोक्यावर, आणि तिच्याभोवती दुधाळ पट्टा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत.

नैर्ऋत्येला त्रिशंकू. सातारा-पुण्याकडून हा उन्हाळ्यात दक्षिणेला, पार डोंगराला टेकल्यासारखा दिसतो. इथे मस्त वर टांगलेला. त्याच्या शेजारी मित्र, म्हणजे आल्फा सेंटॉरी, सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारकाशेजारी, ४.४ प्रकाशवर्षांवर. त्रिशंकूच्या बाजूला एक काळा डाग आहे, धुळीचा ढग. ऑस्ट्रेलियातले कामिलारोई आणि युआलायी लोक त्याला एमूचं डोकं म्हणतात. मान मित्राजवळून, पोट विंचवापाशी. आपण ठिपके जोडून चित्र काढतो, हे लोक मधल्या काळोखाचं चित्र बघतात. एकदा दिसला की तो एमू डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहाटे पाचला काकांनीच सगळ्यांना उठवलं. थंडी शून्याच्या आसपास, सगळे गोधड्या गुंडाळलेल्या बोचक्यांसारखे. दक्षिणेला दोन पांढुरके ठिपके. 'ढग आले की रं!' काका हळहळले. पण ते ढग हलेनात. ते मेजेलनचे मेघ होते, आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका. मोठा मेघ १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. महाराष्ट्रातून ते जवळजवळ बघायला मिळतच नाहीत. दोघांच्या बाजूला अगस्ती, झगझगीत. साताऱ्याहून तो क्षितिजापासून वीसेक अंशांच्या वर जात नाही.

पूर्वेला मृग उगवला होता, डोकं खाली झुकलेला. काका बराच वेळ बघत राहिले. 'तिकांडं तेच हाय. पण उलटं.' मग म्हणाले, 'म्हंजे आपुनच उलटे उभे हाय.' जावयाला हसू आवरेना. त्याच्या हातात सॅटेलाइटचं यंत्र रात्रभर तसंच होतं. एकदाही वापरावं लागलं नाही.

जाणार असाल तर

• मे ते ऑगस्ट उत्तम. रात्री मोठ्या, दिवस सुखद. डिसेंबर-जानेवारीतला उन्हाळा चुकूनही नको.
• अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस बेस्ट. चंद्राची कोर संध्याकाळी लवकर मावळते आणि पहाट काळीकुट्ट मिळते.
• भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, ते वाचा. बऱ्याचदा नसते.
• पाऊस पडला की रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. तारखेत एक दिवस जादा धरा.
• पिण्याचं पाणी, जादा टायर, थर्मल, कानटोपी. टेलिस्कोप नसला तरी चालेल, साधी दुर्बीण पुरते.
• नियम निघण्याआधी ठरवा, अंधारात नाही.

आणि जवळ?

२०१६ च्या जागतिक अभ्यासानुसार जगातल्या एक तृतीयांश लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. पण त्यासाठी ऑस्ट्रेलियाच गाठायला हवं असं नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. सुरुवात तिथून करा. टीम मात्र नीट निवडा, कारण त्या रात्री तुमचं आकाश शेजारच्याच्या मोबाइलवर अवलंबून असतं!

काका आता साताऱ्यात आहेत. परवा मैत्रिणीला त्यांचा फोन आला होता. रात्री अकरानंतर चौकातला हायमास्ट बंद ठेवता येईल का, असं त्यांनी ग्रामपंचायतीला विचारलंय. सरपंच 'बघू' म्हणालेत. काका रोज जाऊन आठवण करून देतात.