गोणपाटाचा पाहुणचार

गोणपाट मुळात पडेल ते काम करणारं. पन्नास किलो गहू वाहायचे, रिकामं झालं की दाराशी पायपुसणं व्हायचं, पावसात एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यावरची खोळ. कुबट वास, बोचरा स्पर्श, अंगावर पुसटलेला शिक्का. अशाला बागेची राखण कोण देईल? पण २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना सुचवलेल्या उपायांत गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट होतंच. परसबागेतही तेच कामी येतं.

राखणदार म्हटला की तो हाकलणारा असतो. हे मात्र बोलावून घेतं. गोगलगाय आणि शंख नसलेली तिची शेंबडी भावकी, दोघींना अंग सदा ओलं लागतं. ऊन चढायच्या आत आडोसा गाठला नाही तर मरण. रात्रभर झेंडू, कोबी, पपईची रोपं कुरतडून झाली की त्या गार, ओलसर अंधार शोधतात. गोणपाट तो देतं, वर गुळाचा वासही. प्लॅस्टिकच्या गोणीला हे जमत नाही, कारण ती पाणी पीत नाही.

त्याचे जोडीदार तापट. वाफ्याभोवती टाकलेला चुन्याचा पट्टा करारी, पण कोरडा असेपर्यंतच; सरीवर सर आली की गेला वाहून. मीठ तर आततायी: वाफ्यात फेकलं तर रोपांच्या मुळांनाही सोडत नाही. त्याची जागा बादलीत. गोणपाट भर पावसातही ड्यूटीवर असतं. भिजणं हेच त्याचं काम.

सकाळी त्याचा काठ धरून उचला. खालच्या बाजूला गोगलगायी उलट्या चिकटलेल्या असतात, धाग्याधाग्यावर चकाकणारा चिकट माग. उजेड लागताच शिंगांच्या टोकावरचे डोळे आत जातात. हातमोजा घालून एकेक ओढली की चट् आवाज होतो. मग मिठाच्या दाट पाण्याची बादली, आणि शेवटी दूर खोल खड्डा. हातमोजा हवाच, कारण तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारे जंत असू शकतात.

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आणून सोडली गेली आणि पुढे देशभर पसरली. नर-मादी एकाच देहात, त्यामुळे प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते. एका खेपेला शंभर-दोनशे, ओल्या मातीत साबुदाण्यासारखी. म्हणून गोणपाटाखालची मातीही बोटभर उकरून बघावी लागते.

एवढं करूनही गोणपाट स्वतः एकही गोगलगाय मारत नाही. चोर एका जागी गोळा करून देतं, पुढचं तुमच्यावर सोडतं. आठवडाभर तसंच पडू दिलं, तर त्याच्या भाबड्या पाहुणचारात त्यांचाच संसार थाटतो, आणि ज्याला राखणीला ठेवलं तेच चोरांचा वाडा होतं. तेव्हा संध्याकाळी अंथरायचं आणि ऊन चढायच्या आत उचलायचं, हे पावसाळाभर रोज जमणार असेल तरच गोणपाट भिजवा. नाहीतर ते दाराशीच बरं.