फेनवेची हिरवी भिंत

बॉस्टन शहरातील केनमोर चौकापासून थोडे चालत गेले की विटांच्या जुन्या इमारतींत दडलेले फेनवे पार्क दिसते. २० एप्रिल १९१२ रोजी रेड सॉक्स संघाचा येथील पहिला अधिकृत सामना झाला. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते. अमेरिकेतील प्रमुख संघांची जी मैदाने आज वापरात आहेत, त्यांत याहून जुने दुसरे नाही. मुलांकडे बॉस्टनला गेलेली मंडळी नॉरवूडच्या जैन मंदिरात दर्शन घेतात आणि मग एखादी संध्याकाळ इकडेही काढतात. खाण्याच्या बाबतीत आपल्या मंडळींना बहुधा भाजलेल्या शेंगांवरच भागवावे लागते. पण शेंगा सोलत बसण्यास याहून बरी जागा क्वचितच सापडेल.

डावीकडे रस्ता अगदी खेटून असल्याने मैदान तेथे आखूड पडले. ती उणीव ३७ फूट उंचीच्या हिरव्या भिंतीने भरून काढली आहे. भिंतीच्या पोटात बसलेली माणसे धावांच्या पाट्या आजही हाताने बदलतात.

व्यापारी घराला या मैदानाची एक नोंद विशेष बोचेल. १९१९ च्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा अद्वितीय खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला एक लाख डॉलरांस विकला; वर हे मैदानच तारण ठेवून यांकीजच्या मालकाकडून सुमारे तीन लाखांचे कर्ज उचलले. हुकमी माणूसही दिला आणि पेढीही प्रतिस्पर्ध्याकडेच गहाण! १९१८ मध्ये जिंकलेले अजिंक्यपद त्यानंतर ८६ वर्षे परतले नाही.

फेनवेवरचा सर्वांत अविस्मरणीय सामना कोणता, हा बॉस्टनकरांचा जुना वाद याच खातेवहीतून निघतो. वयोवृद्धांना २८ सप्टेंबर १९६० आठवतो. त्या ढगाळ दुपारी जेमतेम दहा हजार प्रेक्षकांसमोर टेड विल्यम्सने कारकीर्दीच्या अखेरच्या फटक्यावर होम रन मारला, आणि टाळ्यांचा गजर चालू असतानाही टोपी न उंचावता तो आत निघून गेला. १९७८ चा निर्णायक सामना मात्र कोणी आपणहून काढत नाही. त्यात यांकीजच्या बकी डेंट या एरवी बेताच्या फलंदाजाने त्याच हिरव्या भिंतीवरून चेंडू धाडून घास हिरावला होता.

तरुणांचे मत १७ ऑक्टोबर २००४ च्या बाजूचे. यांकीज मालिकेत ३–० असे पुढे. आदल्या रात्री त्यांनी १९–८ अशी धूळ चारलेली. नवव्या डावात रेड सॉक्स एका धावेने मागे होते. तेव्हा बदली धावपटू म्हणून आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला. सर्वांना ठाऊक होते की तो पळणार, तरी तो पळाला आणि वाचला. बिल म्युलरच्या फटक्याने बरोबरी झाली, बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होम रन मारला, आणि त्याच महिन्यात अजिंक्यपद परत आले.

आणि १९७५ च्या जागतिक मालिकेतील सहावा सामना? पावसाने तो तीन दिवस खोळंबला होता. सिनसिनाटी ६–३ ने पुढे असताना आठव्या डावात बर्नी कार्बोने बरोबरी साधली. मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या डावात, कार्लटन फिस्कने उंच मारलेला चेंडू डाव्या सीमेकडे वळू लागला. ‘आत राहा’ असे जणू चेंडूलाच विनवीत फिस्क दोन्ही हात हलवीत उड्या मारत राहिला. चेंडू सीमेच्या खांबावर आदळला आणि सामना जिंकला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेड सॉक्स सातवा सामना ४–३ असा हरले. तरुण नेमका हाच मुद्दा पुढे करतात: ज्या विजयातून हाती काही उरले नाही, त्याचे एवढे कौतुक कशाला? परंतु याच कारणासाठी पारडे फिस्ककडे झुकते. रॉबर्ट्सच्या त्या चोरीला पुढच्या विजयांनी मोल आले. मालिका हातची गेली असती, तर ती आज किती जणांना आठवली असती? फिस्कच्या फटक्याच्या खात्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी तूट पडली, तरी त्याचा भाव तसूभर उतरला नाही.

डावीकडचा तो पिवळा खांब अद्याप तेथेच उभा आहे. २००५ मध्ये, म्हणजे अजिंक्यपद परतल्यावर पुढच्याच वर्षी, संघाने त्याला फिस्कचे नाव दिले.