चुकलेली जागा

डोंगरउतारावर एखाद्या टापूत गवत उगवत नाही, आणि तेवढ्यावरून तिथे ऐंशी वर्षांपूर्वी विमान जळालं असावं असा अदमास बांधायचा, हा छंद ऐकायलाच विचित्र वाटतो. पण ब्रिटनमध्ये तो चांगला मुरलेला आहे. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन शहरांच्या मधल्या पठारावर, वेल्सच्या आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नि त्याच्या आगेमागे पडलेल्या विमानांचे तुकडे अजून आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी ते शोधायला जाणारी माणसंही आहेत. पद्धत कष्टाची आहे. हवाई दलाच्या जुन्या अपघात-नोंदी काढायच्या. त्यात बऱ्याचदा जवळच्या गावापासूनची दिशा आणि मैल एवढंच असतं. मग त्या काळातला फोटो मिळाला तर त्यातली क्षितिजाची रेघ प्रत्यक्ष डोंगरांशी ताडून पाहायची. शेवटी पाय आणि डोळे. पांढरी भुकटी होऊ लागलेलं ॲल्युमिनियम, एखादा रिव्हेट, वितळून गोळा झालेला धातू. तुकड्यावर ठोकलेला आकडा सापडला तर दिवस सार्थकी, कारण त्या आकड्याची सुरुवात ३००ने झाली तर तो स्पिटफायरचा असण्याचा संभव फार. एवढं करून हाती काय येतं? नकाशावरचा एक बिंदू. तो आधी ‘या डोंगरावर कुठेतरी’ होता, आता ‘इथे’ झाला. ‘कुठेतरी’पासून ‘इथे’पर्यंतच्या या अंतरासाठी माणसं दिवसचे दिवस चिखल तुडवतात, याचा उलगडा काही केल्या होत नाही.

मला सुचणारं एक उत्तर असं. ही विमानं बहुतेक वेळा यंत्र बिघडून पडलेली नाहीत. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकल्यामुळे ती डोंगरावर आदळली आहेत. ३ नोव्हेंबर १९४८ला अमेरिकी हवाई दलाचं एक बी-२९ विमान स्कॅम्प्टनहून बर्टनवूडला निघालं. हे अंतर अर्ध्या तासाचंही नव्हतं. हेच विमान दोन वर्षांपूर्वी बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांचे फोटो काढून आलं होतं. ढगातून खाली उतरताना ते मँचेस्टर-शेफील्डमधल्या त्याच पठारावरच्या ब्लीकलोच्या माथ्यावर आदळलं आणि आतले तेराही जण गेले. डोंगर मागे पडले, असं त्यांना वाटलं असणार. ते पडले नव्हते. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ माणसं गेली. मुंबई आहे त्याहून जवळ आली या समजुतीने विमान वेळेआधी खाली उतरलं होतं. २४ जानेवारी १९६६ला माँ ब्लाँवर एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ पडलं, होमी भाभांसह ११७ जण गेले, तिथेही जिनिव्हाच्या नियंत्रकाने सांगितलेली जागा आणि वैमानिकाने समजून घेतलेली जागा यांत तफावत होती. त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५०ला एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ पडून ४८ जण गेले होते. (ब्लीकलोची आणि ही तारीख एकच. योगायोगाला अर्थ नसतो हे ठाऊक असूनही डोळा तिथे अडतो.) तर जागेचा हिशेब चुकला म्हणून जी माणसं गेली, त्यांच्या जागेचा हिशेब कुणीतरी उशिरा का होईना नीट करतंय, असं या छंदाकडे पाहता येतं. गणित सुटलं तरी उपयोग नाही, पण चुकलेलं गणित पाटीवर तसंच राहू द्यायचं नाही, एवढीच त्यामागची ओढ असावी.

यावर पहिला आक्षेप आपल्या भाषेतच तयार आहे: गाडलेली मढी उकरून काढू नयेत. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून जरा त्याच्याच मागे जाऊ. एक तर हे वाक्य सहसा कोण उच्चारतो ते पाहावं. वाटणीच्या भांडणात, निवडणुकीच्या सभेत, जुन्या व्यवहाराची चौकशी निघाली की ज्याला उकरण्याने तोटा होणार असतो त्याच्याच तोंडी ते येतं. मेलेल्याची शांतता हे त्यात निमित्त असतं, सांभाळायची असते ती जिवंताची. दुसरं, शब्द ‘मढं’ आहे. मृतदेह नाही, प्रेत नाही, पार्थिव तर नाहीच. पार्थिव मोठ्यांचं असतं, ते अंत्यदर्शनासाठी ठेवतात. मढं कुणाचंच नसतं, किंवा ‘तुझं मढं बसवलं’ या शिवीतल्यासारखं नकोशा माणसाचं असतं. म्हणजे उकरू नका हे सांगतानाच ज्याला उकरायचं त्याची किंमत शब्दाने उतरवून ठेवलेली आहे. तिसरं मात्र मला नीट सोडवता येत नाही. आपल्याकडे बहुतेक प्रेतं जाळतात, मग ही म्हण गाडण्याची का? लिंगायत गाडतात, नाथपंथी आणि संन्यासी समाधी घेतात, तान्ही मुलं पुरतात, अनेक जातींत पुरण्याची चाल आहे; म्हण त्यांच्यापैकी कुणाच्या अंगणात जन्मली असेल. की जाळणाऱ्यांनीच ती काढली, कारण जाळलेलं उकरताच येत नाही आणि त्यांना त्यातला धोका परवडत होता? एवढं खरं, की म्हणीचं सगळं वजन ‘गाडलेली’ या पहिल्या शब्दावर आहे. कुणीतरी विधिपूर्वक माती लोटली आहे आणि प्रकरण मिटलं आहे, हे ती गृहीत धरते. जिथे माती लोटायलाच कुणी पोचलं नाही, तिथे ती लागू कशी करायची?

न सापडलेल्यांसाठी आपल्या धर्मशास्त्राने वेगळी वाट काढली आहे. देह मिळालाच नाही तर पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करायचा आणि तो जाळायचा. हाच पालाशविधी. मस्तकाला किती पानं, हातांना किती, पायांना किती, याची वाटणी ठरलेली. मृत्यू कुठे झाला हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. जागा नको, हाड नको, पानं पुरेत. माझ्या युक्तिवादाला यातून सरळ शह बसतो: नेमक्या जागेवाचून निरोप देता येतो, आणि पूर्वजांनी तो देऊन दाखवला आहे. पण त्याच महाराष्ट्रात पानिपतही आहे. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ पडले. शिर नसलेल्या धडावरच्या खुणांवरून ओळख पटवल्याच्या हकिकती आहेत, म्हणजे पालाशविधीची वेळ यावी अशी स्थिती नव्हती; तरीही त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य घेतलं नाही. पुढे भाऊंचं नाव लावून तोतया उभा राहिला, त्याला माणसं मिळाली, पैसा मिळाला, किल्ले मिळाले, आणि १७७६मध्ये त्याला देहान्त शिक्षा देईपर्यंत पुणे दरबाराची झोप उडाली. देह होता तिथे खात्री नव्हती, आणि पळसाच्या पानांत देह नव्हता तिथे खात्री होती. मग सापडणं आणि पटणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका संबंध काय? तोतयाला थारा देणारे सगळे मूर्ख किंवा लोभी होते असं मानलं की उत्तर सोपं होतं. पण पार्वतीबाई लोभी नव्हत्या. त्यांना पुरावा कमी पडत होता असंही म्हणता येत नाही. कोणताही पुरावा त्यांना पुरला असता का, हीच शंका आहे.

याचं उलट टोक हिमाचलात आहे. ७ फेब्रुवारी १९६८ला भारतीय हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झालं. अवशेषांचा पहिला माग २००३मध्ये गिर्यारोहकांना लागला, आणि २०२४मध्ये लष्कराच्या शोधमोहिमेला आणखी चार देह मिळाले. एकाची ओळख खिशातल्या कागदावरून पटली. छप्पन्न वर्षांनी घरी आलेल्या देहासमोर पळसाची पानं पुरेशी होती असं म्हणायची माझी छाती होणार नाही. पण ही मोहीम होती, छंद नव्हता. छांदिष्टाला घरी काही न्यायचं नसतं. निदान नेऊ नये असा कायदा आहे. ब्रिटनच्या १९८६च्या कायद्याने तिथे पडलेलं प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित आहे, परवान्याशिवाय खणता येत नाही, आणि मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर परवाना सहसा मिळत नाही. पाहा, पण उचलू नका. संग्रहालयवाल्यांचा यावर रास्त आक्षेप आहे, की माळावर धातू कुजून जाणार, तिथे राहू देणं म्हणजे सावकाश नष्ट करणं. मला तरी राहू देणाऱ्यांचं पटतं. कपाटात ठेवलेला पंखा विमानाविषयी सांगतो, माळावरचा पंखा अंदाज कुठे चुकला ते सांगतो. स्कॉटलंडमध्ये बेन मोर ॲसिंटवर एप्रिल १९४१मध्ये पडलेल्या ॲन्सन विमानातल्या सहाही जणांना पडले तिथेच पुरलं आहे, कारण त्या उंचीवरून देह खाली आणणं जमेना. २०१३मध्ये तिथे ग्रॅनाइटची शिळा नेऊन ठेवली. आपली म्हण शब्दशः लागू व्हावी अशी ही जागा, आणि तिथे उकरायला कुणी जातही नाही. जातात ते उभं राहायला.

इथपर्यंत माझं म्हणणं कसंबसं उभं होतं: जागा पवित्र, वस्तू दुय्यम. माँ ब्लाँच्या हिमनदीने ते ढिलं केलं. बोसाँ हिमनदी वाहते. माथ्याजवळ पडलेलं अर्ध्या शतकानंतर हजारो फूट खाली, पर्यटक चालतात तिथे बाहेर येतं. २०१२मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी मिळाली. २०१३मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, माणकं आणि नीलमण्यांची पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत जमा केली, आणि वारस न मिळाल्याने २०२१मध्ये खडे तो आणि शामोनी गाव यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले. २०२०मध्ये वर्तमानपत्रांचा गठ्ठा निघाला, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी मथळ्यात असलेली. त्यांचा शपथविधी झाला तो ‘कांचनजंगा’ पडलं त्याच दिवशी, २४ जानेवारीला. ती वर्तमानपत्रं वितळलेल्या बर्फातून काढून सुकत घातली, आणि वाचता आली. यातली कुठली जागा नेमकी? विमान आदळलं ती, की पत्र निघालं ती? पहिल्या जागी आज काही नाही, आणि दुसरीचा अपघाताशी संबंध एवढाच, की तिथे ऊन लागलं. आणि इथे ‘उचलू नका’ म्हणणं शहाणपणाचं आहे का? न उचललेलं पत्र पुढच्या पावसात लगदा होतं. माणिक उचलणारा मात्र प्रामाणिक निघाला म्हणून गोष्ट सुरेख झाली. जे सांगायला आले नाहीत, त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत येतच नाही.

आणि ब्लीकलोला जागा हललेली नाही, हेही आता म्हणवत नाही. ते बी-२९ इतकं प्रसिद्ध झालं आहे की तिथे स्मृतिफलक आहे, लोक लाकडी क्रूस आणि कागदी खसखशीची फुलं ठेवून जातात, आणि येणाऱ्यांच्या बुटांनी त्या मऊ काळ्या मातीत वाटा मळल्या आहेत. शोधणाऱ्याची पहिली खूण म्हणजे गवत नसलेली जमीन. उद्या कुणी नवखा नोंदी न वाचता तिथे पोचला, तर समोरची उघडी माती पेट्रोलने जळाली आहे की पायांनी, हे त्याला कशावरून कळेल?