दोन नटांमधला कोन

अब्बा इचलकरंजीत लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपात ड्रिल मशीनवर होते. शाळा सुटली की आम्ही त्यांचा चहा घेऊन जायचो. आम्हाला वाटायचं, भोक पाडायला काय अक्कल लागते? बिट लावायचं आणि हँडल दाबायचं.

"बिट बाजारात मिळतं, धार मिळत नाही," अब्बा म्हणायचे. हायस्पीड स्टीलचं बिट ते जपून वापरायचे. या पोलादात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम, शिवाय क्रोमियम आणि व्हॅनेडियम असतं. त्यामुळे सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरी ते नरम पडत नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांचं हत्यार तापून लाल झालं, तरी लोखंड कापत राहिलं. हे आम्ही पुढे पुस्तकात वाचलं. अब्बांच्या हाताला पोलादाची पारख होती. आधी पंच मारायचा, मऊ लोखंडाला तेल सोडायचं, बीड मात्र कोरडंच.

बी.एड. करत असताना सुट्टीत आम्ही ऐटीत ग्राइंडरवर बिट घासलं. टोकाचा कोन ११८ अंश, म्हणजे प्रत्येक बाजूला ५९. हिशेब तोंडपाठ होता. पण एक धार लांब झाली. भोक मापापेक्षा मोठं पडलं आणि बिडाचा तयार भाग भंगारात गेला. पैसे अब्बांच्या पगारातून कापले गेले.

त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत. सकाळी त्यांनी दोन षटकोनी नट बाजूला बाजू चिकटवून ठेवले आणि मधल्या खाचेत बिटाचं टोक धरलं. खाच १२० अंशांची, म्हणजे कामापुरतं माप. "दोन्ही धारा सारख्या बसल्या पाहिजेत, बेटा. घाई केलीस की एकच बाजू झिजते."

आता अब्बा नाहीत. आमच्या उर्दू शाळेत 'जाविया' शिकवताना आम्ही तेच नट टेबलावर मांडतो. एकदा आम्हीच घासलेलं बिट वर्गात फिरवलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाला आम्ही 'कच्चा' ठरवून कधी प्रश्नच विचारत नव्हतो. त्यानं बिट खाचेत धरलं आणि हळूच म्हणाला, "सर, इसकी एक बाजू लंबी है."

त्याचे वडील गॅरेजमध्ये काम करतात, हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं.