पैसा आहे, पण प्रवेश नाही!

न्यूयॉर्कला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि टाइम्स स्क्वेअर पाहून परततात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयापर्यंतही बरेच जण जातात. १९५३ साली विजयालक्ष्मी पंडित आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या ते हेच ठिकाण, म्हणून भारतीयांना त्याचे थोडे अधिक अप्रूप. पण तेथून फर्स्ट अॅव्हेन्यूने थोडे उत्तरेला चालून, ५२ व्या रस्त्यावर उजवीकडे वळायचे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

या वळणावर शहराचा गोंगाट एकदम मागे पडतो. रस्ता पुढे कोठेच जात नाही. ईस्ट रिव्हरच्या काठाशी येऊन तो थांबतो. हॉलिवूडची विख्यात अभिनेत्री ग्रेटा गार्बो १९९० साली निधन होईपर्यंत याच रस्त्यावर ४५० क्रमांकाच्या इमारतीत एकांतवासात राहिली. तिच्या समोरच्या बाजूला, ४३५ क्रमांकावर उभे आहे ‘रिव्हर हाऊस’. दगडी फरसबंदीचे अंगण, मागे बाग आणि २६ मजल्यांचा मनोरा. न्यूयॉर्कमधील अतिशय प्रतिष्ठित निवासस्थानांत त्याची गणना होते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांचेही घर येथेच होते.

कारखान्यांच्या शेजारी राजवाडा

आज हा भाग श्रीमंतांचा म्हणून ओळखला जातो. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. नदीकाठी तेव्हा कारखाने, कोळशाच्या वखारी आणि मजुरांच्या दाटीच्या चाळी होत्या. आज जेथे संयुक्त राष्ट्रसंघाची इमारत आहे, तेथे कत्तलखाने होते. अशा वस्तीत, १९२९ च्या शेअर बाजारातील कोसळणीनंतर अवघ्या दोन वर्षांनी, म्हणजे १९३१ साली, वास्तुकार विल्यम लॉरेन्स बॉटम्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिव्हर हाऊस उभे केले. खाली ‘रिव्हर क्लब’ होता. पोहण्याचा तलाव आणि टेनिस कोर्ट यांची तेथे सोय होती. नदीवर खासगी धक्का होता. रहिवाशांच्या यॉट थेट घराच्या पायथ्याशी लागत.

एका बाजूला यॉट आणि दुसऱ्या बाजूला त्याच पाण्यात उड्या मारणारी चाळीतील पोरे! हा विरोध नाटककार सिडनी किंग्जली यांच्या नजरेतून सुटला नाही. १९३५ साली ब्रॉडवेवर आलेले त्यांचे ‘डेड एंड’ हे नाटक अशाच नदीकाठच्या बंद रस्त्यावर घडते. दोन वर्षांनी त्यावर चित्रपटही निघाला.

यॉटचे वैभव मात्र फार टिकले नाही. वाहतूक वाढली आणि शहराने नदीच्या कडेने रुंद महामार्ग नेला. १९४५ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या निधनानंतर त्याला त्यांचे नाव मिळाले. या रस्त्याने धक्का गिळला. घर आणि पाणी यांच्यामध्ये मोटारींची अखंड रांग आली.

गंमत म्हणजे ही ‘नदी’ मुळात नदीच नाही. समुद्राच्या दोन भागांना जोडणारी ही खाऱ्या पाण्याची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीबरोबर प्रवाहाची दिशा पालटते. मुंबई-ठाण्याच्या खाडीची ओळख असलेल्या माणसाला हे पाणी परके वाटणार नाही.

घर नव्हे, शेअर

रिव्हर हाऊसमध्ये जागा घेणारा माणूस कायद्याने फ्लॅट विकत घेतच नाही. संपूर्ण इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तो त्या कंपनीचे शेअर घेतो आणि त्या शेअरच्या बळावर त्याला जागेचा दीर्घ भाडेपट्टा मिळतो. जागा मोठी, मजला वरचा, देखावा चांगला, तर शेअर जास्त. दरमहा देखभाल खर्चही त्याच हिशेबाने. मालमत्ता कर, इमारतीवरील कर्ज, दारवानांचे पगार हे सारे त्यातून भागते. न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत ‘को-ऑप’ म्हणून ओळखली जाते. १८८० च्या दशकात तेथे ‘होम क्लब’ या नावाने तिची सुरुवात झाली.

मराठी वाचकाला यात आपल्या सोसायटीचा चेहरा दिसेल. मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ सालीच स्थापन झाली होती. शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स, कार्यकारी मंडळ, वार्षिक सभेतील वादावादी हे सारे ओळखीचे. फरक आहे तो दारात.

को-ऑपमध्ये जागा घ्यायची तर सौदा ठरल्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. उत्पन्नाचे दाखले, आयकराची विवरणपत्रे, बँकेतील शिल्लक, ओळखीच्या प्रतिष्ठितांची शिफारसपत्रे असा जाडजूड गठ्ठा संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो. मग मुलाखत. एखादे वधूपरीक्षणच म्हणा ना! आणि मंडळ ‘नाही’ म्हणाले, तर त्याचे कारण सहसा सांगितले जात नाही. वंश, धर्म किंवा राष्ट्रीयत्व पाहून नकार देणे बेकायदा आहे. पण न सांगितलेले कारण सिद्ध करायचे कसे?

नकार पचवणारी वारसदार

हा प्रश्न १९८० साली साऱ्या अमेरिकेत गाजला. ग्लोरिया व्हँडरबिल्ट या गडगंज घराण्याच्या वारसदार, जीन्सच्या व्यवसायाने घरोघरी पोहोचलेले नाव. त्यांनी रिव्हर हाऊसमध्ये जागा घेण्याचे ठरवले. मंडळाने नकार दिला. कृष्णवर्णीय गायक बॉबी शॉर्ट यांच्याशी असलेल्या मैत्रीमुळे आपल्याला डावलले, असा आरोप करून त्या न्यायालयात गेल्या. मंडळाने आरोप नाकारला. ती जागा त्यांना मिळाली नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. को-ऑपमध्ये एकाने पैसे थकवले, तर भार साऱ्या शेजाऱ्यांवर पडतो. म्हणून नव्या सभासदाची ऐपत तपासणे गैर नाही. पण ऐपत पाहता पाहता माणसाचा रंग, पेशा, मित्र, राहणी पाहिली जाऊ लागते, तेव्हा सहकार या शब्दाचा अर्थच हरवतो.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात या बाबतीत एक शहाणपण आहे. पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही, तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, आणि निबंधकाकडे दाद मागता येते. अर्थात कायदा आहे म्हणून आपली मनेही मोकळी आहेत असे नाही. आडनाव किंवा आहार विचारून दार लावून घेणारे आपल्याकडेही आहेतच.

काठ सर्वांचा

५२ व्या रस्त्याच्या टोकाला आलेल्या प्रवाशाला रिव्हर हाऊस आतून पाहता येणार नाही. पण त्याने हिरमुसून परत फिरू नये. डिसेंबर २०२३ मध्ये येथून अगदी जवळ, ५३ व्या रस्त्यापासून उत्तरेकडे ‘ईस्ट मिडटाउन ग्रीनवे’ हा पाण्यावर बांधलेला सार्वजनिक मार्ग खुला झाला. ५४ व्या रस्त्याजवळच्या पादचारी पुलाने महामार्ग ओलांडला की आपण थेट पाण्यावर. समोर रूझवेल्ट बेट, उत्तरेला १९०९ चा क्वीन्सबरो पूल, पायाखाली भरतीचे पाणी आणि मागे वळून पाहिले की श्रीमंतांच्या खिडक्या.

संध्याकाळी येथे चालणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलणाऱ्या आया अशी सर्व तऱ्हेची माणसे दिसतात. त्यांच्याकडून कोणी शिफारसपत्र मागत नाही. आणि रिव्हर हाऊसच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी त्यांच्या कितीतरी जवळ असते.